कोरडेपणाची किंमत : ग्रिन्यार अभिकारक आणि भांड्यात टाकलेले शुष्ककारक

फिलिप बार्बिए यांनी १८९९ साली जस्ताऐवजी मॅग्नेशियम वापरून पाहिले. हॅलाइड, कार्बोनिल संयुग आणि धातू ही तिन्ही त्यांनी एकाच भांड्यात घातली, पण निकाल भरवशाचा येईना. ल्यों येथील त्यांचे शिष्य व्हिक्टर ग्रिन्यार यांनी पुढच्याच वर्षी या प्रक्रियेचे दोन टप्पे केले. आधी ईथरमध्ये हॅलाइड आणि मॅग्नेशियम यांचे सेंद्रिय मॅग्नेशियम संयुग तयार करायचे आणि मग त्यात कार्बोनिल संयुग सोडायचे. या दोन टप्प्यांच्या मांडणीला १९१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या वर्षीचे पारितोषिक ग्रिन्यार आणि पॉल साबातिए यांना विभागून दिले गेले. तेव्हापासून प्रयोगवहीत ‘ईथर’ या शब्दाआधी ‘कोरडे’ हे विशेषण कायमचे बसले. मात्र कोरडे करण्याची जागा हळूहळू बदलत गेली. पूर्वी द्रावक आधी वाळवून, ऊर्ध्वपातन करून मगच भांड्यात जाई. आता अनेक कृतींमध्ये शुष्ककारक थेट मॅग्नेशियमसोबतच टाकला जातो. कधी मॉलिक्युलर सिव्ह, कधी ट्रायमिथाइलसिलिल क्लोराइड, तर कधी डायआयसोब्युटिल अ‍ॅल्युमिनियम हायड्राइड, म्हणजे कारखान्यांच्या बोलीतले डिबाल. या बदलाकडे सोय म्हणून पाहिले जाते. माझे म्हणणे असे की भांड्यात राहिलेला प्रत्येक शुष्ककारक हा अभिक्रियेतला एक घटक होतो. त्याला मोल असतात, उपउत्पादने असतात, आवडीनिवडी असतात. तो ज्या नुकसानीवर उपाय म्हणून येतो, त्या नुकसानीपेक्षा त्याने केलेले नुकसान बरेचदा मोठे असते, आणि ते दिसतही उशिरा.

आधी पाण्याचा हिशेब नीट मांडायला हवा, कारण पाणी दोन अगदी वेगळ्या प्रकारे नुकसान करते आणि चर्चेत ती दोन्ही एकत्र मिसळली जातात. पहिले नुकसान सरळ आहे : तयार झालेला अभिकारक पाण्यातला हायड्रोजन उचलतो, त्याचे हायड्रोकार्बन होते आणि मॅग्नेशियम हायड्रॉक्सी हॅलाइडच्या रूपात अडकते. एक मोल पाणी एक मोल अभिकारक खाते. हायड्रॉक्सिलचा उरलेला हायड्रोजनही कामी आला तर दोन मोल. आता बाटलीतले साधे टीएचएफ (टेट्राहायड्रोफ्युरान, ईथरच्याच जातीचे द्रावक) घ्या, ज्यात १०० पीपीएम पाणी आहे. एक लिटर टीएचएफ म्हणजे सुमारे ८८९ ग्रॅम. त्यात पाणी ८९ मिलिग्रॅम, म्हणजे जेमतेम ५ मिलिमोल. या लिटरभर द्रावकात एक मोलर अभिकारक करायचा असेल तर १००० मिलिमोलपैकी ५ गेले. नुकसान अर्धा टक्का, वाईटात वाईट धरले तरी एक टक्का. विद्यार्थ्यांच्या मनात पाण्याची जी दहशत असते तिच्या मानाने हा आकडा किती लहान आहे, हे कागदावर मांडेपर्यंत लक्षात येत नाही.

दुसरे नुकसान अभिक्रिया सुरू होण्याच्या वेळेचे आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. मॅग्नेशियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइड आणि हायड्रॉक्साइडचा थर असतो. पाणी आणि अल्कोहोल त्या पृष्ठभागाला चिकटून बसतात. जॉर्ज व्हाइटसाइड्स आणि सहकाऱ्यांनी १९८० साली सूक्ष्मदर्शकातून घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे ग्रिन्यार अभिकारक तयार होण्याच्या वेगाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा निरीक्षणांत दिसते की धातू सगळीकडून सारखा झिजत नाही. अभिक्रिया मोजक्या ठिपक्यांवर सुरू होते आणि तिथून पसरत जाते. स्प्रिच आणि लेवांडोस यांनी १९८३ साली दाखवले की अल्ट्रासाउंडने पृष्ठभागावर चिकटलेले पाणी व अल्कोहोल हटवता येते. ही दोन निरीक्षणे शेजारी ठेवली की चित्र स्पष्ट होते. पाण्याचा मोठा अडथळा द्रावणात नसून धातूच्या कातडीवर आहे. एकदा थोडा अभिकारक तयार झाला की द्रावणातले उरलेले पाणी तो स्वतःच संपवतो, कारण पाण्याशी इतक्या वेगाने आणि इतक्या पूर्णपणे अभिक्रिया करणारा दुसरा पदार्थ त्या भांड्यात सहसा नसतो. चुगायेव आणि झेरेविटिनोव्ह यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात याच गुणावर एक विश्लेषण पद्धत उभी केली होती : नमुन्यावर मिथाइल मॅग्नेशियम आयोडाइड टाका आणि निघालेला मिथेन मोजा. जिथे जिथे सक्रिय हायड्रोजन दडलेला असेल तिथून तो बाहेर येतो. शुष्ककारकांबद्दल पुढे जे काही म्हणायचे आहे त्याचा पाया हाच आहे.

सुरुवात लांबते हे नुसते गैरसोयीचे नसते, ते धोक्याचेही असते. अभिक्रिया सुरू झाली असे समजून हॅलाइड ओतत राहिले आणि ते न वापरता साठत गेले, तर उशिरा सुरू झालेली अभिक्रिया सगळी उष्णता एकदम सोडते. द्रावक ईथर असो वा टीएचएफ, ते उकळून बाहेर येते. म्हणूनच मोठ्या रिअ‍ॅक्टरमध्ये आधी एकूण हॅलाइडचा लहानसा भाग टाकून तापमान वाढल्याची खात्री होईपर्यंत थांबतात. शुष्ककारक भांड्यात टाकण्याचे समर्थन करणाऱ्यांचा सगळ्यात वजनदार मुद्दा हाच आहे, आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. पण उत्तर देण्याआधी एकेक शुष्ककारक भांड्यात नेमके काय करतो ते पाहू.

मॉलिक्युलर सिव्ह हा सगळ्यांत निरुपद्रवी वाटणारा. पांढरे मणी किंवा भुकटी, द्रावकात विरघळत नाही, वास नाही, धूर नाही. द्रावक बाहेर वाळवायला त्याच्यासारखा सोपा उपाय कमीच. विल्यम्स आणि लॉटन यांनी २०१० साली कार्ल फिशर अनुमापनाने शुष्ककारकांची जी तुलना केली, तिच्यात शंभराच्या थोडे वर पीपीएम पाणी असलेले टीएचएफ सोडियम-बेंझोफिनोनवर ठेवल्यावर चाळिसाच्या घरात आले. त्याच टीएचएफमध्ये ३ अँगस्ट्रॉमचे सिव्ह २० टक्के प्रमाणात घालून ते दोन-तीन दिवस ठेवले, तेव्हा पाणी एकेरी आकड्यात उतरले. सोडियम-बेंझोफिनोनचा गडद निळा रंग आला म्हणजे द्रावक पूर्ण कोरडे झाले, या जुन्या समजुतीला या आकड्यांनी चांगलाच धक्का दिला. पण असे वाळवताना सिव्ह बाटलीतच राहतात आणि अभिकारकासाठी फक्त वरचे द्रावक काढून घेतले जाते, हे विसरून कोणी तेच सिव्ह मॅग्नेशियमसोबत भांड्यात टाकतो, तेव्हा सगळे गणित उलटते.

बाजारात मिळणाऱ्या सिव्हमध्ये दीड-दोन टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो असे पुरवठादार मान्यच करतात. भट्टीत २५०-३०० अंशांवर निर्वातात तापवले तर तो बराच उतरतो, पण गार होताना बरणी उघडली की पुन्हा चढतो. समजा चांगले सक्रिय केलेले, फक्त एक टक्का पाणी उरलेले ५० ग्रॅम सिव्ह एक लिटर टीएचएफच्या भांड्यात टाकले. त्यात पाणी ५०० मिलिग्रॅम, म्हणजे सुमारे २८ मिलिमोल. द्रावकात ५ मिलिमोल पाणी होते, ते काढायला आपण २८ मिलिमोल पाणी आत आणले. हे पाणी जिओलाइटच्या पोकळीत घट्ट धरलेले असते आणि साध्या द्रावकात ते बाहेर येणार नाही, हे खरे. पण बाहेर अभिकारक आहे आणि तो द्रावणातला प्रत्येक रेणू लगेच संपवतो. त्यामुळे समतोल हळूहळू बाहेरच्या बाजूला ओढला जातो. शिवाय मण्यांच्या पृष्ठभागावर आणि त्यांना बांधणाऱ्या मातीवर हायड्रॉक्सिल गट असतात. पूर्ण हायड्रॉक्सिलयुक्त सिलिकाच्या पृष्ठभागावर दर चौरस नॅनोमीटरला चार-पाच असे गट असतात, आणि मण्याला बांधणाऱ्या मातीचे कणही त्यापासून मुक्त नाहीत. झेरेविटिनोव्हच्या पद्धतीत जे नमुन्याचे होते तेच इथे सिव्हचे होते. अभिकारकाचे हायड्रोकार्बन झाल्याचे दिसते तेव्हा दोष द्रावकावर जातो आणि पुढच्या बॅचला आणखी सिव्ह टाकले जातात.

सिव्हच्या बाबतीत आणखी एक गोष्ट क्वचितच बोलली जाते. जिओलाइट ए या जाळीत सोडियम असले की तो ४ अँगस्ट्रॉमचा सिव्ह होतो, आणि त्यातल्या सोडियमच्या जागी पोटॅशियम बसवले की ३ अँगस्ट्रॉमचा. कपडे धुण्याच्या पावडरीत हाच जिओलाइट ए घालतात, कारण तो कठीण पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पकडून बदल्यात सोडियम सोडतो. तीच अदलाबदल मॅग्नेशियमने भरलेल्या ईथरी द्रावणात झाली, तर मॅग्नेशियम जाळीत जाते आणि द्रावणात अल्कली धातूचे आयन येतात. सोडियमसोबतचा कार्बनिऑन मॅग्नेशियमसोबतच्या कार्बनिऑनपेक्षा कितीतरी जास्त उतावीळ असतो. तो हॅलाइडवर तुटून पडतो आणि दोन मूलक एकमेकांना जोडले जातात. हीच ती वुर्ट्झ जोडणी. बेन्झिल आणि अ‍ॅलिल हॅलाइडमध्ये ती मुळातच जास्त होते. म्हणूनच अशा हॅलाइडसोबत सिव्ह वापरताना जोड-उत्पादन वाढलेले दिसले, तर नजर सिव्हकडे वळवायला हवी. शिवाय ढवळणीच्या पात्याखाली मणी घासून भुकटी होते. ही भुकटी गाळणी बंद करते आणि पृष्ठभाग आणखी वाढवते, म्हणजे तोटा दुहेरी.

ट्रायमिथाइलसिलिल क्लोराइड वेगळ्या कारणाने लोकप्रिय आहे. तो पाणी तर खातोच, शिवाय ऑक्साइडच्या थराला भगदाड पाडून मॅग्नेशियम जागे करतो. मात्र इथे शुष्ककारकाची अभिक्रिया नीट लिहून पाहायला हवी. दोन मोल सिलिल क्लोराइड एका मोल पाण्याशी अभिक्रिया करून हेक्सामिथाइलडायसिलोक्सेन आणि दोन मोल हायड्रोजन क्लोराइड देते. हे आम्ल मॅग्नेशियमने लगेच खाल्ले तर ठीक. हायड्रोजन वायू निघून जातो, धातूचा पृष्ठभाग साफ होतो, थोडे मॅग्नेशियम वाया जाते. पण तोवर अभिकारक तयार होऊ लागला असेल तर तेच आम्ल दोन मोल अभिकारक मारते. पाण्याने फार तर जितके नेले असते तितकेच त्याच्या शुष्ककारकाने नेले, म्हणजे वाचले काहीच नाही. म्हणून हा पदार्थ हॅलाइडच्या आधी घालून, आम्ल धातूत जिरेपर्यंत वेळ द्यायला हवा. घाईत हे थांबणे राहून जाते.

सिलिल क्लोराइडचा उरलेला भाग हा दुसरा प्रश्न. एका मोलच्या बॅचला पाच टक्के, म्हणजे ५० मिलिमोल घातले आणि द्रावकात ५ मिलिमोल पाणी असेल तर १० मिलिमोल खर्च होतात, ४० तसेच राहतात. साध्या अल्किल अभिकारकांची सिलिल क्लोराइडशी गती कमी असल्याने तिथे बरेचदा निभावते. अ‍ॅलिल अभिकारक मात्र पटकन सिलिलीकृत होतो. अ‍ॅलिलट्रायमिथाइलसिलेन मुद्दाम बनवायचे असते तेव्हा हीच अभिक्रिया करतात. तिथे ४० मिलिमोल म्हणजे सरळ चार टक्के तोटा, आणि शिवाय सिलेनची अशुद्धी. पुढच्या टप्प्यात कीटोन असेल तर उरलेला सिलिल क्लोराइड एनोलेट पकडतो, तांब्याच्या उत्प्रेरकाबरोबर संयुग्मित संकलनाचा वेग वाढवतो. हा वेग कधी हवाहवासा असतो, पण तो आपण ठरवून आणला आहे का, हे वहीत लिहिलेले असायला हवे.

हायड्राइडचे प्रकरण सर्वांत गंभीर आहे आणि त्यासाठी एक खरे उदाहरण घेतो. ट्रॅमाडॉल हे जर्मनीच्या ग्रुनेन्थाल कंपनीने १९७७ साली बाजारात आणलेले वेदनाशामक. त्याच्या नेहमीच्या मार्गात ३-ब्रोमोअ‍ॅनिसोलपासून ग्रिन्यार अभिकारक करतात आणि तो २-डायमिथाइलअमिनोमिथाइल सायक्लोहेक्झेनोन या मॅनिख कीटोनवर सोडतात. या बॅचमध्ये पाणी शिरले तर अ‍ॅनिसोल बनते. अ‍ॅनिसोल तटस्थ आहे, १५४ अंशांवर उकळते, आणि आम्ल-अल्कली धुलाईत उत्पादनापासून सहज सुटते. आता पाणी टाळायला एक मोल टक्का डिबाल घातले असे समजा. एक मोलच्या बॅचला १० मिलिमोल. पाणी ५ मिलिमोल असेल तर साधारण तेवढेच हायड्राइड त्यात जाते आणि बाकीचे ५ मिलिमोल कीटोनची वाट पाहत थांबतात. कीटोन आल्यावर त्यातून २-डायमिथाइलअमिनोमिथाइल सायक्लोहेक्झेनॉल बनते. हेही अमीन आहे, हेही आम्लात विरघळते, आणि ट्रॅमाडॉलच्या मागे प्रत्येक धुलाईत जाते. ५ मिलिमोल म्हणजे अर्धा टक्का. औषधी पदार्थांच्या अशुद्धींसाठी आयसीएच या औषध-नियमनाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांत दिवसाला दोन ग्रॅमपर्यंत घेतल्या जाणाऱ्या औषधासाठी ओळख पटवण्याची मर्यादा ०.१० टक्के आहे. पाण्याने अर्धा टक्का अ‍ॅनिसोल केले असते तर कोणी दखलही घेतली नसती. शुष्ककारकाने अर्धा टक्का अमिनोअल्कोहोल केले तर एक संपूर्ण शुद्धीकरण टप्पा वाढतो. नुकसान टक्क्यांत मोजले तर दोन्ही सारखी दिसतात, स्फटिकीकरणाच्या भांड्यात ती मुळीच सारखी नाहीत.

याच उदाहरणात पाण्याचा मोठा साठा कुठे असतो तेही पाहावे. मॅनिख कीटोन बहुतेक वेळा हायड्रोक्लोराइड मिठाच्या रूपात येते. ते अल्कलीने मुक्त करून, विलग करून वाळवावे लागते. त्यात एक टक्का पाणी राहिले तर एक किलो कीटोनमध्ये १० ग्रॅम, म्हणजे ०.५६ मोल. कीटोनचे मोल सुमारे ६.४. म्हणजे जवळपास नऊ टक्के अभिकारक कीटोनच्या पाण्यात जाणार. ग्रिन्यारच्या भांड्यात कितीही सिव्ह, सिलिल क्लोराइड वा हायड्राइड घातले तरी या पाण्यावर त्यांचा काही इलाज नाही, कारण ते पाणी नंतर येते. टोल्यूनसोबत ८५ अंशांच्या आसपास पाणी उडवले तर ते जाते, आणि त्यासाठी वेगळा पदार्थ कायमचा मागे ठेवावा लागत नाही. असाच एक दुर्लक्षित शत्रू टीएचएफमध्ये स्थिरक म्हणून घातलेला बीएचटी. २५० पीपीएम असेल तर लिटरला एक मिलिमोल. हा फिनॉल आहे, त्याचा हायड्रोजन अभिकारक घेतो, आणि ३ किंवा ४ अँगस्ट्रॉमचा सिव्ह तो पकडत नाही.

उरलेल्या पदार्थांचे काम लवकर संपते. कॅल्शियम क्लोराइड ईथरमधले पाणी आणि एथेनॉल दोन्ही पकडते, पण ते बाहेर, आधी. मॅग्नेशियम सल्फेट समतोलाशी अडखळते. त्याने काही पाणी राहतेच, आणि भांड्यात ते फक्त गाळ होते. कॅल्शियम हायड्राइड आणि लिथियम अ‍ॅल्युमिनियम हायड्राइड यांवरून ऊर्ध्वपातन करायचे तर फेस पुढे ढकलला जाऊ नये, नाहीतर हायड्राइडची ट्रॅमाडॉलसारखीच गोष्ट घडते. सोडियमचा तुकडा चुकून हॅलाइडच्या सोबत राहिला तर वुर्ट्झ जोडणी मुख्य अभिक्रिया होते. सीरियम क्लोराइडची गोष्ट मात्र थोडी वेगळी. कार्बोनिलवर अभिकारक नीट चढावा म्हणून तो घालतात, आणि तो ‘निर्जल’ असल्याचे गृहीत धरतात. एव्हान्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली दाखवले की नेहमीच्या कृतीने वाळवलेल्या पदार्थात दर सीरियममागे एक पाण्याचा रेणू राहू शकतो. समतुल्य प्रमाणात घातलेल्या पदार्थाने समतुल्य पाणी आणावे, यापेक्षा मोठा विरोधाभास काय असणार!

या सगळ्याची चाहूल लागते मोजमापातून, पण मोजमापही कधीकधी झाकले जाते. सेंद्रिय-धातू संयुगांचे अभ्यासक गिलमन यांच्या काळापासून अभिकारकाच्या द्रावणाची दोन आकड्यांनी पारख करतात : पाण्याने विघटन करून एकूण अल्कलीपण, आणि १,१०-फिनॅन्थ्रोलिनसारख्या सूचकासह अल्कोहोलने खरा कार्बन-मॅग्नेशियम बंध. वॉटसन आणि ईस्टहॅम यांनी १९६७ साली अशीच पद्धत रूढ केली. पाण्याने केलेले नुकसान या दोन आकड्यांच्या फरकात स्पष्ट वाचता येते : हायड्रॉक्साइड राहते, म्हणून अल्कलीपण तसेच, पण खरा बंध कमी. सिलिल क्लोराइडच्या आम्लाने केलेल्या नुकसानीत मात्र तयार होणारे मॅग्नेशियम क्लोराइड तटस्थ आहे. त्यामुळे दोन्ही आकडे एकत्र उतरतात, फरक दिसत नाही, आणि हॅलाइड कमी लागले की काय अशी शंका येते. उरलेला सिलिल क्लोराइड अभिकारकाशी जोडला गेला तरी तेच. हायड्राइडच्या बाबतीत उलटे होते. अल्कोहोलशी हायड्राइडही अभिक्रिया करते, म्हणून अनुमापनाचा आकडा फुगतो आणि अभिकारक आहे त्यापेक्षा जास्त वाटतो. शुष्ककारक भांड्यात राहिला की निदानाचे हत्यारच बोथट होते, या गोष्टीला मी यील्डच्या दोन-चार टक्क्यांपेक्षाही जास्त वजन देतो.

आता सुरुवातीच्या आणि धोक्याच्या मुद्द्याकडे परतू. समर्थक म्हणतात की डिबालसारख्या पदार्थाने प्लांटमध्ये अभिक्रिया नेमाने, कमी तापमानाला सुरू होते. तिल्स्टम आणि वाइनमान यांनी २००२ साली मोठ्या प्रमाणावर मॅग्नेशियम सुरक्षितपणे सक्रिय करण्याबद्दल लिहिले, त्यातही डिबाल आहे. हा अनुभव नाकारण्याचा माझा हेतू नाही. कारखान्यात सुरक्षितता आधी, अशुद्धी नंतर. पण दोन गोष्टी वेगळ्या करायला हव्यात. पदार्थ सक्रियक म्हणून अर्धा टक्का घातला आणि तो कार्बोनिल येण्याआधी पूर्ण संपतो याची खात्री केली, तर तो हिशेबात बसतो. तोच पदार्थ ‘शुष्ककारक’ म्हणवून दरवेळी जरा जास्तच घातला जातो, तेव्हा हिशेब सुटतो. आयोडीन आणि १,२-डायब्रोमोएथेन यांच्याकडे पाहिले तर फरक कळतो. डायब्रोमोएथेन मॅग्नेशियमशी एथिलीन आणि मॅग्नेशियम ब्रोमाइड देतो, वायू निघताना दिसतो, आणि मागे जे राहते ते भांड्यात आधीच असणारे क्षार असतात. ब्रोमाइडमुळे अभिकारकाच्या एक-कार्बनी आणि दोन-कार्बनी मॅग्नेशियम रूपांमधला श्लेंक समतोल जरा हलतो, एवढेच. पाणी काढल्याचा दावा त्याच्या नावावर कोणी करत नाही, आणि त्यामुळेच तो प्रमाणात राहतो.

दुसरा आक्षेप असा की बाहेर वाळवायला पैसे आणि वेळ लागतो, आणि हा आक्षेप कोकणपट्टीतल्या रासायनिक वसाहतींना खरोखर भिडतो. तारापूर, पाताळगंगा, महाड, लोटे-परशुराम इथे पावसाळ्यात हवा महिनोन्महिने ओलसर असते. उघडलेल्या पिंपातल्या मॅग्नेशियमच्या किसावर ओलावा बसायला फार वेळ लागत नाही. अशा ठिकाणी भांड्यात चमचाभर काहीतरी टाकून काम भागवावे असे वाटणे स्वाभाविक आहे. पण ओलावा धातूवर बसलेला असेल तर उपायही धातूपाशीच करायला हवा. नायट्रोजनखाली द्रावकाशिवाय मॅग्नेशियम बराच वेळ कोरडेच ढवळत ठेवले की कीस एकमेकांवर घासून नवे पृष्ठभाग उघडे पडतात. बेकर आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली ही पद्धत बेन्झिल आणि अ‍ॅलिल प्रकारच्या अभिकारकांसाठी मांडली. तिच्यात भांड्यात कोणताच पाहुणा येत नाही. २-मिथाइल टीएचएफ हे द्रावक पाण्यासोबत ७१ अंशांना उकळून पाणी घेऊन जाते. टीएचएफप्रमाणे ते पाण्यात पूर्ण मिसळत नाही, म्हणून परत मिळालेले द्रावक वाळवणे सोपे, आणि बेन्झिल-अ‍ॅलिल अभिकारकांत वुर्ट्झ जोडणीही त्यात कमी होते.

भांड्यातच काही घालायचे असेल, तर ज्याचे उपउत्पादन आधीच आपल्या यादीत आहे तेच घालावे. आधीच्या बॅचचा थोडा अभिकारक तळाशी ठेवून त्यात नवे द्रावक आणि मॅग्नेशियम घेण्याची कारखान्यांतली जुनी रीत या कसोटीला सगळ्यांत चांगली उतरते. पाण्यातून जे हायड्रोकार्बन निघते ते आपल्याच हॅलाइडचे असते. ट्रॅमाडॉलच्या बॅचमध्ये ते अ‍ॅनिसोल असेल, आणि अ‍ॅनिसोल कसे काढायचे हे आधीच माहीत आहे. काही कृतींत या जागी तयार आयसोप्रोपिल मॅग्नेशियम क्लोराइड घालतात. प्रोपेन उडून जाते म्हणून तो स्वच्छ वाटतो, पण अ‍ॅरिल आयोडाइडशी आणि इलेक्ट्रॉन ओढणाऱ्या गटांनी युक्त ब्रोमाइडशी त्याची हॅलोजन-धातू अदलाबदल होते, आणि अवजड गटांनी वेढलेल्या कीटोनवर तो बीटा-हायड्राइड देऊन कीटोन क्षपित करतो. म्हणजे हायड्राइडचाच प्रश्न दुसऱ्या दाराने परत येतो. तळाशी ठेवलेल्या अभिकारकालाही मर्यादा आहेत. पहिल्या बॅचला तो मिळत नाही, आणि दोन बॅचमध्ये मोठा खंड पडला की झिरपत्या ऑक्सिजनने त्याचे अल्कॉक्साइड होते, त्यामुळे प्रत्येक वेळी दोन्ही आकड्यांनी त्याची पारख करावीच लागते. अ‍ॅलिल अभिकारकांत तर तळाचा साठा नव्या हॅलाइडशी जोडला जाऊन वुर्ट्झ उत्पादन वाढवतो. तिथे कोरडे ढवळणे, हॅलाइड अगदी हळू सोडणे आणि २-मिथाइल टीएचएफ हा मार्ग, मंद असला तरी, भांड्यात नवे काही न आणता निभावतो.